कोलारच्या खाणीतले कणशोधक

कर्नाटकात बंगळूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स हे गाव आहे. जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८०च्या दशकात इथे यंत्रांनी खाणकाम सुरू केले आणि पुढच्या सत्तर वर्षांत खाणी जगातल्या सर्वात खोल खाणींमध्ये गणल्या जाऊ लागल्या. चॅम्पियन रीफ ही त्यांतली सर्वात खोल. तिचे तळाचे थर जमिनीखाली तीन किलोमीटरपलीकडे गेले होते. शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून १९०२पासून या खाणींना वीज मिळत होती. एवढी खोली आणि त्या खोलीवर अखंड वीज या दोन्ही गोष्टी एकत्र असलेली जागा भौतिकशास्त्रज्ञांना जगात फारच थोड्या ठिकाणी मिळण्यासारखी होती. १९५१ ते १९९२ या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने या खाणीत एकामागून एक उपकरणे बसवली. खडकाच्या आडोशामुळे जिथे जवळजवळ काहीच पोहोचत नाही तिथे जे थोडे पोहोचते ते टिपायचे, एवढेच काम यांतल्या बहुतेक उपकरणांना होते.

पृथ्वीवर अंतराळातून सतत वेगवान कण येऊन आदळतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. त्यांतले बहुतेक प्रोटॉन असतात. वातावरणाच्या वरच्या थरात हवेतल्या अणुकेंद्रांवर ते आदळले की पायॉन तयार होतात, पायॉनांच्या क्षयातून म्यूऑन आणि न्यूट्रिनो निर्माण होतात. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनासारखाच पण त्याच्या सुमारे दोनशे पट जड कण. पदार्थातून जाताना तो फार हळूहळू ऊर्जा गमावतो, म्हणून जमिनीपर्यंत येतो आणि खडकातही खोल शिरतो. समुद्रसपाटीला एका चौरस सेंटिमीटरमधून दर मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. न्यूट्रिनोची गोष्ट वेगळी आहे. पदार्थाशी त्याची क्रिया इतकी विरळ असते की तो अख्खी पृथ्वी सहज पार करतो.

टाटा संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांचा विश्वकिरण हा जन्मभराचा विषय होता. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण यांची साखळी पदार्थात कशी फोफावत जाते याचे गणित त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७मध्ये मांडले होते. १९४५मध्ये टाटा संस्था सुरू झाली, तेव्हा कणवेगवर्धक उभारण्याइतका पैसा आणि उद्योग भारताकडे नव्हता. विश्वकिरण मात्र फुकट येत होते, आणि त्यांची ऊर्जा त्या काळच्या कोणत्याही वेगवर्धकापेक्षा जास्त होती. शिवाय भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र इथे कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते, त्यामुळे वर पाठवलेल्या फुग्यांतली उपकरणे नेमके जास्त ऊर्जेचे कण टिपतात. हे जाणून भाभांनी फुगे उडवायला सुरुवात केली. जमिनीच्या खाली जायचे ठरले ते थोड्या वर्षांनी, आणि तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

बी. व्ही. श्रीकांतन १९४८मध्ये संस्थेत आले होते. भाभांनी १९५१मध्ये त्यांना कोलारला पाठवले. जसजसे खोल जावे तसतशी म्यूऑनांची संख्या कशी घटते हे मोजायचे, एवढे साधे काम होते. साधन म्हणजे गायगर काउंटर. वायू भरलेल्या नळीत मधोमध एक बारीक तार असते आणि तिच्यावर काहीशे ते हजार व्होल्टचा दाब असतो. कण आत शिरला की वायूचे आयनीभवन होते आणि तारेवर विजेचा झटका उमटतो. असे काउंटर एकावर एक रचले आणि सगळ्यांत एकाच वेळी झटका आला तरच नोंद घ्यायची अशी विद्युतजोडणी केली, की एका सरळ रेषेत आलेला कण ओळखता येतो. अशा रचनेला दुर्बीण म्हणत, कारण तीही एका ठराविक दिशेकडेच पाहते. श्रीकांतन आणि नंतर एस. नारनन व पी. व्ही. रमणमूर्ती यांनी खाणीच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर ही मोजणी केली.

या मोजणीला भौतिकशास्त्रात महत्त्व होते. एखाद्या खोलीपर्यंत पोहोचायला म्यूऑनाकडे किती ऊर्जा असावी लागते हे गणिताने काढता येते, म्हणजे खडक हाच ऊर्जा मोजणारा गाळणीचा थर ठरतो. ज्या ऊर्जांचे कण पृष्ठभागावर शेकडो इतर कणांत मिसळून गेलेले असतात ते खोलवर आपोआप वेगळे पडतात. खडकाची जात मात्र नीट माहीत असावी लागते. कोलारचा खडक हॉर्नब्लेंड शिस्ट प्रकारचा, पाण्याच्या सुमारे तिप्पट घनतेचा. म्हणून या क्षेत्रात खोली मीटरमध्ये न सांगता तेवढाच अडथळा करायला किती मीटर पाणी लागेल या भाषेत सांगतात. कोलारमधले २.३ किलोमीटर म्हणजे पाण्याचे साधारण सात हजार मीटर.

१९६०च्या सुमाराला मोजणी आणखी खाली न्यायची ठरली. ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले एम. जी. के. मेनन १९५५मध्ये टाटा संस्थेत आले होते. जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठातले एस. मियाके हेही या कामात सामील झाले. आता गायगर नळ्यांची जागा प्लास्टिक सिंटिलेटरने घेतली होती. कण आत गेला की या प्लास्टिकमध्ये क्षणभर क्षीण उजेड पडतो आणि फोटोमल्टिप्लायर तो उजेड विजेच्या संकेतात बदलतो. खूप मोठे क्षेत्रफळ व्यापता येते आणि प्रतिसाद अतिशय जलद असतो, हे त्याचे दोन गुण. सखोल पातळ्यांवर म्यूऑन इतके विरळ होतात की लहान उपकरण घेऊन बसले तर वर्षे जातील, म्हणून क्षेत्रफळ हाच कळीचा मुद्दा होता.

मियाके, व्ही. एस. नरसिंहम आणि रमणमूर्ती यांनी पायरीपायरीने खाली जात ही मालिका पूर्ण केली आणि शेवटी २,७६० मीटर खोलीवर, म्हणजे पाण्याच्या हिशेबाने ८,४०० मीटरवर, दुर्बीण लावली. सुमारे दोन महिने ती चालली. एकही म्यूऑन आला नाही.

कोलारच्या इतिहासातले हे सर्वात महत्त्वाचे निरीक्षण आहे असे म्हणता येईल, आणि ते शून्याचे निरीक्षण आहे. म्यूऑन-मोजणीच्या दृष्टीने तिथे काम संपले होते. पण ज्यांना न्यूट्रिनो शोधायचे होते त्यांच्यासाठी नेमके हेच हवे होते. विश्वकिरणांमुळे हवेत तयार झालेले न्यूट्रिनो कुठल्याही खोलीपर्यंत पोहोचतात. एखादा न्यूट्रिनो उपकरणाजवळच्या खडकात अणुकेंद्रावर आदळला तर तिथे नवा म्यूऑन जन्मतो आणि तो उपकरणापर्यंत येऊ शकतो. सोव्हिएत संघात मोइसेइ मार्कोव्ह आणि इगोर झेलेझ्निख यांनी, आणि अमेरिकेत केनेथ ग्रायझेन यांनी, १९६०मध्ये हा मार्ग सुचवला होता. अडचण होती ती वरून येणाऱ्या म्यूऑनांच्या गर्दीची. कोलारच्या शून्याने दाखवून दिले की ती गर्दी पुरेशी हटवता येते.

हा प्रयोग करण्याचे कारणही पक्के होते. न्यूट्रिनो अस्तित्वात आहे हे फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कॉवन यांनी अणुभट्टीजवळ १९५६मध्ये दाखवले होते. म्यूऑनाशी जोडलेला न्यूट्रिनो वेगळा असतो हे १९६२मध्ये ब्रुकहेवनच्या वेगवर्धकावर सिद्ध झाले. परंतु त्या काळचे वेगवर्धक न्यूट्रिनोंना जी ऊर्जा देत ती थोडकीच होती. ऊर्जा वाढत गेली तर न्यूट्रिनोंच्या आदळण्याची शक्यता वाढतच जाते की कुठे थांबते, या प्रश्नात क्षीण बलाचा वाहक असलेला जड कण दडला होता. विश्वकिरणांतल्या न्यूट्रिनोंची ऊर्जा त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यांच्याकडून त्या कणाच्या वस्तुमानाची निदान खालची मर्यादा तरी काढता येईल अशी आशा होती.

या कामासाठी इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचा आर्नोल्ड वुल्फेंडेल यांचा गट टाटा संस्था आणि ओसाका यांच्यासोबत आला. चॅम्पियन रीफच्या हीथकोट शाफ्टमधून पोहोचता येणारी २.३ किलोमीटरवरची एक दालनवजा जागा निवडली गेली. सर्वात खोल जागा घेतली नाही. उपकरणे मावतील, हवा खेळती राहील, माणसे पाळीपाळीने काम करू शकतील आणि तरीही वरचे म्यूऑन पुरेसे कमी असतील, असा तो मध्यबिंदू होता. तिथला खडक तापलेला असतो, आणि कोलारच्या खाणीत खडक अचानक फुटून दगड उडण्याचे प्रकार नेहमीचेच होते. शाफ्टच्या पिंजऱ्यातून जेवढे जाईल तेवढ्याच आकाराचे भाग बनवायचे आणि खाली नेऊन जोडायचे, हे बंधन प्रत्येक आराखड्यावर होते.

या उपकरणाच्या रचनेत जे शहाणपण आहे ते त्याच्या उभ्या ठेवणीत आहे. खोल खडकात वरून येणारे म्यूऑन जवळजवळ सरळ खालीच येतात. तिरके यायचे झाले तर त्यांना जास्त खडक पार करावा लागतो. उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून येणाऱ्या कणाला २.३ किलोमीटर खोलीवर येण्यासाठी ४.६ किलोमीटर खडकातून जावे लागते, आणि आडव्या दिशेने यायचे तर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा टिकाव धरणारा म्यूऑन सहसा नसतो. न्यूट्रिनोंना मात्र दिशेचा फरक पडत नाही. ते आडवे येतात, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने खालूनही येतात. म्हणून जो म्यूऑन आडवा किंवा खालून वर जाताना दिसेल तो खडकातल्या न्यूट्रिनोपासूनच जन्मला असणार. नेहमीची विश्वकिरण दुर्बीण वर तोंड करून आडवी ठेवतात. कोलारला सिंटिलेटरच्या भिंती उभ्या केल्या, म्हणजे त्यांचे तोंड आडव्या दिशेला राहिले. वरून येणाऱ्या कणांसाठी अशी भिंत जवळपास कडेवर उभ्या पत्र्यासारखी असते. फारसे काही तिला लागतच नाही.

एका दुर्बिणीत सिंटिलेटरच्या अशा दोन भिंती होत्या, प्रत्येकी सुमारे सहा चौरस मीटरच्या. दोन्हींत एकाच वेळी उजेड पडला तरच नोंद घ्यायची. भिंतींच्या मधल्या मोकळ्या जागेत निऑन भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामध्ये शिशाच्या भिंती. या निऑन नळ्यांचे तंत्र इटलीच्या मार्चेल्लो कॉन्वेर्सी यांनी १९५५मध्ये आणले होते, आणि डरहॅमचा गट त्यात तरबेज झाला होता. कण गेल्यावर सिंटिलेटरकडून संकेत मिळतो, लगेच नळ्यांच्या रांगेवर उच्च विद्युतदाबाचा ठोका दिला जातो, आणि ज्या नळ्यांतून कण गेला तेवढ्याच लाल उजळतात. अंधारात कॅमेरा त्याचे छायाचित्र घेतो. छायाचित्रातल्या उजळ ठिपक्यांची रेघ ओढली की कणाची दिशा मिळते, आणि शिसे पार केले की नाही हे पाहून त्याची भेदनक्षमताही कळते. सिंटिलेटर वेळ सांगतो आणि नळ्या वाट दाखवतात. एकट्याने दोघांपैकी कुणीच पुरेसे पडले नसते.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड खाणीत, सुमारे ३.२ किलोमीटर खोलीवर, राइन्स आणि विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे फ्रीडेल सेलशॉप यांचा गट याच शोधात होता. त्यांनीही उभ्या भिंतीच निवडल्या होत्या. त्यांचा सिंटिलेटर द्रव होता आणि लांब टाक्यांत भरलेला होता. दोन गटांनी स्वतंत्रपणे सारखीच भूमिती गाठावी यात नवल नाही, कारण ती भूमिती खडकानेच ठरवली होती. राइन्स यांच्या गटाची पहिली नोंद २३ फेब्रुवारी १९६५ची. कोलारच्या पहिल्या नोंदी त्याच वर्षी वसंतात आल्या. कोलारचा निबंध फिजिक्स लेटर्समध्ये १५ ऑगस्ट १९६५च्या अंकात आला आणि दक्षिण आफ्रिकेचा फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये त्यानंतर पंधरवड्याने, ३० ऑगस्टला. घटना आधी एकाची, प्रसिद्धी आधी दुसऱ्याची. वातावरणातल्या न्यूट्रिनोंचा पहिला शोध दोघांच्या नावावर मांडणे हेच न्यायाचे.

कोलारच्या निबंधावर अकरा नावे आहेत. मुंबईचे सी. व्ही. आचार, मेनन, नरसिंहम, रमणमूर्ती आणि श्रीकांतन, ओसाकाचे हिनोतानी आणि मियाके, आणि डरहॅमचे क्रीड, ऑस्बॉर्न, पॅटिसन आणि वुल्फेंडेल. निबंध प्रसिद्ध झाल्यावर सुमारे पाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ला, भाभा माँ ब्लाँजवळच्या विमान अपघातात गेले. संस्थेचे संचालकपद मेनन यांच्याकडे आले, आणि १९७५मध्ये श्रीकांतन यांच्याकडे. जमिनीखालच्या कामाला त्यामुळे वरून कायम आधार राहिला.

पुढच्या काही वर्षांत खाली एकूण सात उपकरणे झाली. पाच दुर्बिणी होत्या, आणि दोन चुंबकीय वर्णपटमापक. वर्णपटमापकात मध्ये विद्युतचुंबक केलेले जाड लोखंड असते आणि दोन्ही बाजूंना निऑन नळ्या. म्यूऑन लोखंडातून जाताना वळतो, ते वळण मोजले की संवेग आणि विद्युतभाराचे चिन्ह मिळते. न्यूट्रिनोंची संख्या अपेक्षेशी जुळली. क्षीण बलाचा वाहक कण असेल तर तो काही गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जड असायला हवा, एवढेच त्यातून निघाले. तो कण १९८३मध्ये सर्न प्रयोगशाळेत सापडला तेव्हा त्याचे वस्तुमान ८० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट निघाले. थोडक्या न्यूट्रिनोंच्या मोजणीतून तिथपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

याच उपकरणांत आणखी काही दिसले, आणि त्याचा उलगडा अजून झालेला नाही. काही छायाचित्रांमध्ये दोन किंवा जास्त रेघा एका बिंदूतून निघताना दिसत होत्या आणि तो बिंदू खडकात नव्हता. तो खडक आणि उपकरण यांच्यामधल्या हवेत, किंवा उपकरणाच्या पातळ पदार्थात पडत होता. हवेत न्यूट्रिनो आदळण्याची शक्यता इतकी कमी आहे की अशा घटना योगायोगाने येणार नाहीत. १९७५मध्ये गटाने त्या प्रसिद्ध केल्या आणि काही गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा, अगदी अल्पकाळ जगणारा एखादा नवा कण असू शकेल असे सुचवले. वेगवर्धकांवर तो शोधला गेला, सापडला नाही. या घटना "कोलार घटना" म्हणून ओळखल्या जातात. मूठभर छायाचित्रांवर नवा कण उभा करता येत नाही, पण ती छायाचित्रे खोडूनही काढता येत नाहीत. लहान उपकरणाची अडचण नेमकी इथे दिसते.

सत्तरच्या दशकात सैद्धांतिक भौतिकशास्त्राने जमिनीखालच्या प्रयोगशाळांसाठी नवे काम काढले. जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी, आणि १९७४मध्ये हॉवर्ड जॉर्जी व शेल्डन ग्लाशो यांनी, निसर्गातली बले एकत्र आणणारे सिद्धांत मांडले. त्यांतून निघत होते की प्रोटॉन कायमचा स्थिर नसावा, कधीतरी तो मोडावा. त्याचे सरासरी आयुष्य दहाच्या तिसाव्या किंवा एकतीसाव्या घाताइतकी वर्षे असावे. विश्वाचे वय त्यापुढे नगण्य आहे. पण एकाच प्रोटॉनकडे अनंत काळ पाहत बसण्याची गरज नाही. तितकेच प्रोटॉन एकत्र ठेवले तर वर्षभरात एखादा मोडेल. शंभर टन लोखंडात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून दहाच्या एकतीसाव्या घाताच्या सहा पट कण असतात. ते लोखंड अशा जागी ठेवायचे जिथे बाहेरचा गोंधळ कमीत कमी असेल, आणि आतून एखादी लहानशी ठिणगी निघाली तर ती ओळखायची. अशी जागा टाटा संस्थेकडे आधीच होती. ओसाकाचा गट पुन्हा सोबत आला, आणि १९८० संपण्यापूर्वी उपकरण चालू झाले. केवळ प्रोटॉनच्या क्षयासाठी बांधलेला हा जगातला पहिला प्रयोग होता.

त्याची रचना पहिल्या पिढीच्या न्यूट्रिनो दुर्बिणींपेक्षा पूर्णपणे वेगळी होती, कारण इथे कण बाहेरून येत नव्हता, तो उपकरणाच्या पोटातच जन्मायचा होता. म्हणून उपकरण हेच लक्ष्यही होते. चौकोनी छेदाच्या पोलादी नळ्या, दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरच्या, चार आणि सहा मीटर लांबीच्या, आडव्या थरांत मांडल्या. एका थराच्या नळ्या एका दिशेने, पुढच्या थराच्या तिच्याशी काटकोनात, आणि थरांमध्ये बारा मिलिमीटर जाडीचे लोखंडी पत्रे. असे ३४ थर, सुमारे १,६०० नळ्या, आणि एकूण वजन १४० टन. प्रत्येक नळीत आर्गॉन आणि मिथेनचे मिश्रण आणि मध्यभागी टंगस्टनची बारीक तार. हे प्रपोर्शनल काउंटर. गायगर नळीत कोणताही कण गेला तरी सारखाच झटका येतो. प्रपोर्शनल काउंटरमधला झटका कणाने वायूत सोडलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो. त्यामुळे फक्त वाट नाही, तर वाटेवर ऊर्जा कशी खर्च झाली हेही कळते. कण थांबत आला की तो जास्त ऊर्जा सोडतो, म्हणून रेघेच्या कोणत्या टोकाला कण थांबला आणि कोणत्या टोकाला जन्मला हे ठरवता येते. प्रोटॉनच्या क्षयासारख्या घटनेत ही गोष्ट निर्णायक आहे, कारण एकाच बिंदूतून दोन विरुद्ध दिशांना गेलेले कण आणि त्या बिंदूतून आरपार गेलेला एकच कण कागदावर सारखेच दिसतात.

त्या खोलीवर अख्ख्या उपकरणातून वरचे म्यूऑन दिवसाला दोनच्या आसपास जात. पृष्ठभागावर तेवढ्याच क्षेत्रातून सेकंदाला हजारो गेले असते. बाकी राहतात ते न्यूट्रिनो, आणि त्यांना कोणतीही खोली अडवू शकत नाही. उपकरणाच्या आत आदळलेला न्यूट्रिनो कधी कधी प्रोटॉनच्या क्षयासारखाच देखावा उभा करतो. म्हणजे १९६५मध्ये ज्याला शोधायला खाणीत उतरले होते तोच आता मुख्य अडथळा ठरला.

१९८१मध्ये गटाने काही घटना प्रोटॉनच्या क्षयाच्या संभाव्य नोंदी म्हणून मांडल्या. त्यांवरून आयुष्य दहाच्या एकतीसाव्या घाताच्या आसपास येत होते, सिद्धांताला हवे तिथेच. जगभरात खळबळ उडाली, आणि पुढच्या वर्षी मुंबईत याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. शंकाही तिथेच पुढे आल्या. काही घटना उपकरणाच्या कडेला होत्या, म्हणजे त्यांतला एखादा कण बाहेरून आत आलेला असू शकत होता. नळी दहा सेंटिमीटरची, त्यामुळे रेघांचा तपशील जाडाभरडा. न्यूट्रिनोंच्या गोंधळाचा हिशेब आणि या घटनांची संख्या यांतला फरक मोठा नव्हता.

अमेरिकेत ओहायोच्या मॉर्टन मिठाच्या खाणीत १९८२मध्ये सुरू झालेल्या आयएमबी प्रयोगात ८,००० टन पाणी होते. जपानमध्ये मासातोशी कोशिबा यांनी कामिओका खाणीत ३,००० टन पाण्याची टाकी १९८३मध्ये चालू केली. पाण्यात वेगाने जाणारा कण चेरेन्कोव्ह प्रकाशाचे वर्तुळ सोडतो आणि टाकीच्या भिंतींवरचे फोटोमल्टिप्लायर ते टिपतात. थरांमागून थर पत्रे आणि नळ्या रचण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते, कारण पाणी स्वतःच लक्ष्य आणि स्वतःच संकेत देणारे माध्यम. या दोन्ही उपकरणांना प्रोटॉन मोडताना दिसला नाही, आणि मर्यादा कोलारच्या आकड्यांच्या पुढे सरकत गेल्या. पॉझिट्रॉन आणि पायॉनमध्ये होणाऱ्या क्षयासाठी आयुष्याची आजची खालची मर्यादा दहाच्या चौतीसाव्या घाताइतक्या वर्षांच्या वर आहे. कोलारच्या त्या घटना बहुधा न्यूट्रिनोंच्याच होत्या असे मानावे लागते.

कोलारचा गट खडकाबाबत सर्वांच्या पुढे होता, वस्तुमानाबाबत मागे. आयएमबी सहाशे मीटरवर आणि कामिओका एक किलोमीटरवर होते, तिथे म्यूऑन कितीतरी जास्त येत. पण पाण्याच्या बाहेरच्या थराला ढाल करून आतला भाग निवडता येत असल्याने त्यांना तेवढी खोली लागली नाही. १९८५च्या सुमाराला कोलारला दोन किलोमीटर खोलीवर २६० टनांचे, साठ थरांचे आणि सुमारे चार हजार नळ्यांचे दुसरे उपकरण उभे राहिले. आकार दुपटीच्या जवळ गेला, पण स्पर्धा हजारो टनांची होती. २३ फेब्रुवारी १९८७ला मोठ्या मॅजेलन मेघात तारा फुटला तेव्हा कामिओकाने ११ आणि आयएमबीने ८ न्यूट्रिनो टिपले. तेवढ्या कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो टिपायला कोलारचे लोखंडी उपकरण पुरेसे मोठे नव्हते आणि त्या ऊर्जेसाठी ते बांधलेलेही नव्हते.

याच काळात खाणीचीच अखेर जवळ येत होती. १९५६मध्ये म्हैसूर सरकारने आणि १९६२मध्ये केंद्राने खाणी ताब्यात घेतल्या होत्या, १९७२पासून भारत गोल्ड माइन्स ही कंपनी त्या चालवत होती. दगडातले सोने कमी होत गेले आणि तीन किलोमीटरवरून ते वर आणण्याचा खर्च वाढत गेला. खोल पातळ्या एकामागून एक बंद झाल्या. प्रयोगशाळेची हवा, वीज, पंप, पिंजरे सगळे खाणीवर अवलंबून होते. १९९२मध्ये प्रयोग थांबवावे लागले. २८ फेब्रुवारी २००१ला खाणी पूर्ण बंद झाल्या, पंप थांबले आणि खालचे बोगदे पाण्याखाली गेले.

वातावरणातल्या न्यूट्रिनोंचे पुढचे मोठे पाऊल जपानमध्ये पडले. ५०,००० टन पाण्याच्या सुपर-कामिओकांडेने १९९८मध्ये दाखवले की पृथ्वीच्या पलीकडून वर येणारे म्यूऑन-न्यूट्रिनो वरून येणाऱ्यांपेक्षा कमी असतात, कारण वाटेत ते रूप बदलतात. म्हणजे न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे. ताकाआकी काजिता यांना २०१५चे नोबेल त्यासाठी मिळाले. दिशेनुसार न्यूट्रिनो वेगळे करायचे हे तत्त्व तेच होते, ज्याने कोलारच्या भिंती उभ्या केल्या होत्या.

भारतात हे काम पुन्हा सुरू करण्यासाठी भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची योजना आली. कोलारच्या प्रोटॉन प्रयोगात काम केलेले नब कुमार मंडल तिचे नेतृत्व करत होते. ५०,००० टन चुंबकित लोखंडाचे थर आणि त्यांमध्ये काचेचे रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, अशी तिची रचना होती. वर्णपटमापकातले चुंबक आणि प्रोटॉन प्रयोगातले थर इथे एकत्र आले होते. निलगिरीतली पहिली जागा वन्यजीवांच्या कारणास्तव नाकारली गेली. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातल्या डोंगरात बोगदा काढण्याला २०१५च्या सुमाराला केंद्राची मंजुरी मिळाली. स्थानिक लोकांचा आणि राज्य सरकारचा विरोध झाला आणि वेधशाळा उभी राहिली नाही. मदुरैला जमिनीवर ८५ टनांचे छोटे प्रतिरूप चालवून चेंबर आणि विद्युतयोजना तपासण्याचे काम झाले. झारखंडच्या जादुगुडा युरेनियम खाणीत ५५५ मीटरवर २०१७मध्ये कृष्णद्रव्याच्या शोधासाठी एक लहान प्रयोगशाळा सुरू झाली, पण कोलारच्या खोलीची जागा देशात पुन्हा मिळालेली नाही.

कोलारचे प्रपोर्शनल काउंटर मात्र वाया गेले नाहीत. ते उटीला आणले गेले. तिथल्या ग्रेप्स-३ प्रयोगात सहा मीटर लांबीच्या ३,७१२ नळ्यांची ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण बांधली गेली. खाली जे काम खडक करत होता ते वर दोन मीटर जाडीचे काँक्रीट करते, त्यामुळे एक गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचे म्यूऑनच नळ्यांपर्यंत येतात. खाणीत दिवसाला दोन म्यूऑन टिपणारी रचना इथे दिवसाला अब्जावधी टिपते, आणि इतक्या मोठ्या संख्येमुळे अगदी बारीक चढउतार दिसतात. १ डिसेंबर २०१४ला उटीवरून गेलेल्या एका वादळी ढगात म्यूऑनांची घट मोजून त्या ढगातला विद्युतदाब १.३ गिगाव्होल्ट असल्याचे २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. वादळी ढगात एक गिगाव्होल्ट असू शकतो हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या दशकात मांडलेले अनुमान त्याआधी कुणालाच मोजून पडताळता आले नव्हते.